कुंडीतलं लिंबू मुलांच्या हाती द्या



जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की आठ दिवसांत वृक्षारोपणाचे फोटो येतात. एक रोप, त्याला धरलेले बारा हात, मागे फलक. फोटो गटावर टाकला जातो, अहवालात चिकटवला जातो आणि विषय संपतो. त्याच रोपाचा पुढच्या मे महिन्यातला फोटो मी अजून कोणाच्या अहवालात पाहिलेला नाही. त्यामुळे आज जरा स्पष्टच लिहिते. पर्यावरणाचा प्रकल्प म्हणून दरवर्षी नवी रोपं लावण्यापेक्षा पाचवीतल्या मुलाला घरी एकच कुंडी द्यावी, त्यात लिंबाचं झाड असावं, आणि ते निदान तीन वर्षं त्याच्याच ताब्यात असावं. त्याच्याच म्हणजे आईच्या नाही, बाबांच्या नाही, आजोबांच्याही नाही.

लिंबूच का, असं कोणी विचारेल. तुळस आहे, मोगरा आहे, मनीप्लांट तर बाटलीतसुद्धा वाढतो. तेच तर. मनीप्लांट काहीही सहन करतो, म्हणून मुलाला काहीच सांगत नाही. लिंबाचं तसं नाही. पाणी जास्त झालं तर सांगतं, कमी झालं तर सांगतं, ऊन कमी पडलं तर नुसतं उंच होत जातं पण फुलत नाही. त्याच्यावर अळ्या येतात, मुंग्या येतात, फुलपाखरं येतात, फुलं येतात, ती गळतात, त्यातली काही टिकतात. सामान्य विज्ञानाच्या पुस्तकातले निम्मे धडे एका कुंडीत सापडतात. पानाचंच घ्या. लिंबाचं पान साधं दिसतं, पण नीट पाहिलं तर देठ आणि पातं यांच्यामध्ये एक सांधा असतो. वनस्पतिशास्त्रात हे एकच पर्णिका उरलेलं संयुक्त पान मानतात. बेलाच्या पानाला तीन पर्णिका, लिंबाच्या पानाला एक, आणि दोघं एकाच कुळातले. कढीपत्ता आणि कवठसुद्धा त्याच कुळातलं. मुलांना ही चारही पानं चुरगाळून हुंगायला द्या, मग कुळ म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

पहिली अट मात्र उन्हाची. रोज पाच-सहा तास थेट ऊन येत नसेल तर लिंबू आणू नका. हे मी मुद्दाम आधीच सांगते, कारण वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी उन्हाची गॅलरी नसते आणि प्रकल्पाच्या नावाखाली कोणाचं घर उघडं पडायला नको. ज्यांच्याकडे जागा नाही त्या चार-पाच मुलांची मिळून एक कुंडी शाळेच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी ठेवा. चौघांचं झाड सांभाळणं हा तर आणखी अवघड पाठ आहे. पाणी घालायला चौघंही हजर असतात, तण काढायला कोणीच नसतं!

रोप कुठलं घ्यायचं? रोपवाटिकेत हल्ली 'ड्वार्फ', 'बारमाही', 'सीडलेस' अशा चिठ्ठ्या लावलेली रोपं असतात. झाड बुटकं राहतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे कलम ज्या खुंटावर बांधलं तो खुंटच वाढ आवरणारा असेल तर; 'फ्लाइंग ड्रॅगन' नावाचा तीन पानी खुंट याच कामासाठी वापरतात. दुसरं कारण साधं आहे, कुंडी. मुळांना जागा नाही म्हणून वरचा पसारा आटोक्यात. त्यामुळे चिठ्ठीवर विसंबून राहू नका. आपल्याकडच्या घरांसाठी कागदी लिंबाचं गुटी कलम पुरेसं आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'साई शरबती' किंवा परभणीचं 'प्रमालिनी', 'विक्रम' मिळालं तर उत्तमच. नारिंगी गोट्यांसारखी फळं लागलेलं 'चायनीज ऑरेंज' दिसायला छान असतं आणि कुंडीत रुळतंही लवकर, पण मुलाला आपल्या झाडाचं लिंबू वरणभातावर पिळता आलं पाहिजे असं मला वाटतं.

आणि हो, बीसुद्धा पेरू द्या. कलमाच्या जोडीला एका छोट्या डब्यात. कागदी लिंबाच्या एका बीमधून कधी कधी दोन, तीन रोपं येतात. मुलं म्हणतात, "बाई, मी एकच बी टाकलं होतं, शपथ!" खरंच एकच टाकलेलं असतं. या बीमध्ये एकापेक्षा जास्त भ्रूण असतात आणि त्यातले बरेचसे आईच्याच ऊतीपासून बनलेले, म्हणजे हुबेहूब आईसारखे. "बीपासून आलेलं झाड आईसारखं निघत नाही" हे आपण आंब्याचं उदाहरण देऊन शिकवतो. लिंबू त्या नियमाला वाकुल्या दाखवतं. बीच्या रोपाला फळ यायला मात्र पाच-सहा वर्षं जातात. पाचवीत पेरलं तर दहावीच्या परीक्षेच्या सुमारास. गुटी कलम वर्ष-दोन वर्षांत फुलतं. मुलांचा धीर लक्षात घेता हातात कलम द्यावं आणि बी कुतूहलासाठी ठेवावं.

आता मुख्य मुद्दा, पाणी. कुंडीतली लिंबं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. सकाळी मूल पाणी घालतं. मग आजी देवपूजेनंतर तांब्यातलं उरलेलं ओतते. दुपारी आई तांदूळ धुतलेलं पाणी घालते, कारण ते चांगलं असतं म्हणे. संध्याकाळी बाबा येतात, "आज झाडाला पाणी घातलं का रे?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता घालतात. चौघांचीही माया खरी आहे. मुळं मात्र श्वास घेऊ शकत नाहीत, कुजायला लागतात आणि मुळं कुजली की झाडाला पाणी शोषताच येत नाही. मग पानं मलूल होतात. ती मलूल दिसली की घरचे आणखी पाणी घालतात.

म्हणून मी मुलांना एकच गोष्ट सांगते. रोज पाणी घालायचं नाही, रोज बोट घालायचं. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसा. ओल लागली तर उठा आणि अभ्यासाला बसा. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घाला. मे महिन्यात हे रोज करावं लागेल, कदाचित दोनदा. थंडीत दोन-तीन दिवसांआड. पावसाळ्यात आठवडा-आठवडा नाही. "रोज एक मग" असा नियम मुलाला सोपा वाटतो, पालकांना तर फारच आवडतो, कारण तो भिंतीवर लावता येतो. पण झाडाला वेळापत्रक नसतं. वारा सुटला, ऊन वाढलं, नवी पालवी आली की त्याची तहान बदलते. ते बघायचं असतं.

कुंडीखालची ताटली काढून टाका. फरशी खराब होते म्हणून ती ठेवलेली असते, हे मला माहीत आहे. तरी काढा. ठेवायचीच असेल तर साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्यायची जबाबदारी मुलावर सोपवा. डासांचा धडा त्यातच येऊन जातो.

मातीबद्दल थोडक्यात. शेतातली नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ओली झाली की चिकट लगदा आणि वाळली की भेगा. लाल माती किंवा पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरे. पहिल्या वर्षी बारा इंची कुंडी, मग सोळा-अठरा इंची. एकदम टिपाएवढ्या कुंडीत इवलंसं रोप लावलं तर भोवतीची माती दिवसेंदिवस ओलीच राहते. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले तर लगेच काढा, ते खुंटाचे असतात. गुटी कलमाला जोड नसतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

पानं पिवळी पडली की घरात खरी गडबड उडते. लगेच मोबाईल उघडला जातो. एक चमचा हे घाला आणि झाड लिंबांनी लगडेल! ताक, तुरटी, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळीच्या सालीचं पाणी. एका विद्यार्थ्याच्या कुंडीत हे सगळं एकाच आठवड्यात पडलेलं मी पाहिलंय. झाड सुधारलं असतं तरी कशाने सुधारलं हे कोणाला सांगता आलं नसतं, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. यातल्या काही गोष्टींचा उपयोग होतही असेल. पण वर्गात आपण शिकवतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि घरी गेल्यावर त्याच मुलासमोर पाच गोष्टी एकदम ओततो. मग वैज्ञानिक दृष्टिकोन फळ्यावरच राहतो.

पिवळेपणा आधी वाचायला शिकवा. कुठलं पान पिवळं आहे? खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट होत असतील तर नत्र कमी पडतंय. शेणखत किंवा गांडूळखताची मात्रा द्या. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील तर बहुतेक लोह मिळत नाही. मातीत लोह असतंही, पण बोअरच्या जड पाण्याने माती विम्लधर्मी होत गेली की ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी पावसाचं पाणी साठवून घालून पाहा. सगळीच पानं पिवळी, मलूल आणि माती ओलीगच्च असेल तर खताचा प्रश्नच नाही, मुळं गुदमरलीत. आणि थंडीत दोन-चार जुनी पानं गळली तर काहीही झालेलं नाही. तीच वाक्यं मुलाने वहीत चित्रासकट लिहिली तर ती कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा मोलाची. आकारिक मूल्यमापनात याची नोंद सहज घेता येते.

आता अळ्यांकडे येते. इथे माझं मत अनेकांना पटत नाही.

कोवळी पालवी आली की काही दिवसांतच पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळसर गोल अंडं दिसतं. मग पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळपट-पांढरी अळी. ती मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात अशी मिसळून जाते की शोधूनही सापडत नाही. तिला काडीने हळूच टोचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही लिंबू फुलपाखराची अळी. शेतकऱ्यासाठी ही कीडच आहे, यात वाद नाही. रोपवाटिकेतली हजार रोपं ती फस्त करू शकते, आणि त्याचं घर त्यावर चालतं. पण आपल्या गॅलरीत एक झाड आहे आणि आपलं पोट त्यावर अवलंबून नाही. मग मुलाने "बाई, मारू का?" असं विचारलं तर आपण काय सांगायचं?

मी सांगते, आधी मोज. झाडावर किती पानं आहेत आणि किती अळ्या. शंभरएक पानं असतील तर दोन अळ्या राहू दे. पाच-सहा असतील तर जास्तीच्या उचलून शाळेच्या आवारातल्या मोठ्या लिंबावर नेऊन ठेव. झाड अगदी लहान असेल तर सगळ्याच हलव. पण एक अळी तरी कोषात जाईपर्यंत बघ. अळी काडीला रेशमी धाग्याचा पट्टा बांधून कशी टेकते, कोष भोवतालच्या रंगाप्रमाणे कधी हिरवा तर कधी तपकिरी कसा होतो, अंड्यापासून साधारण महिनाभरात फुलपाखरू कसं बाहेर येतं. कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशीसारखे कीटक निघतात. तेव्हा मुलं हिरमुसतात. पण अळ्यांवर जगणारंही कोणीतरी आहे हे त्यांना तेव्हाच कळतं, आणि ते धड्यातल्या अन्नसाखळीच्या बाणांनी कळत नाही.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत मुलं हे नाव बरोबर लिहितात. त्याची अळीसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांची पानं खाते. राज्य फुलपाखराचं नाव पाठ करून घ्यायचं आणि गॅलरीतल्या त्याच्या भाऊबंदांवर फवारा मारायचा, हे मला जमत नाही.

याचा अर्थ सगळंच सोडून द्या असा नाही. पिठ्या ढेकूण दिसला, पांढरा कापसासारखा, तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून काढा. खोडावर मुंग्यांची रांग लागली असेल तर वर कुठेतरी मावा किंवा पिठ्या आहेच असं समजा. त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. पानांवर चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. फार असेल तर तेवढी पानं तोडा. पानांवर आणि फळांवर खडबडीत तपकिरी, पिवळ्या कडेचे ठिपके म्हणजे खैऱ्या. हा जिवाणूंचा रोग, कागदी लिंबाला फार होतो. तो शेंडा कापून टाका, कात्री पुसून घ्या आणि पानांवर पाणी उडवणं बंद करा. निंबोळी तेल लागलंच तर संध्याकाळी, तेही अळ्यांचा निर्णय झाल्यावर.

फुलं येण्याची घाई झाली की माझा सल्ला असतो की गावाकडच्या आजोबांना फोन लावा. मोबाईलवरच्या उपायांपेक्षा ते बरं. मृग बहार, हस्त बहार, आंबिया बहार हे शब्द मुलांनी पुस्तकात नाही, त्यांच्या तोंडून ऐकावेत. बागायतदार झाडाचं पाणी काही काळ तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताण बसला की खत-पाणी द्यायचं आणि झाड फुलतं. हस्त बहार धरला तर फळ उन्हाळ्यात, भाव चढलेला असताना हाती येतं. शेतात ताण बसायला आठवडे लागतात, कुंडीत चार-पाच दिवसांत पानं मान टाकतात. तेव्हा लगेच पाणी द्यायचं, आणि तीन वर्षांच्या आतल्या झाडाला हा प्रयोग करायचाच नाही. फुलं भरभरून येतील आणि बहुतेक गळतील. ते नैसर्गिक आहे, कोणाची नजर लागलेली नसते. मुलाला रोज सकाळी खाली पडलेली फुलं मोजू द्या. शेकडेवारीचं इतकं चांगलं उदाहरण गणिताच्या पुस्तकात नाही.

गणितावरून आठवलं. कुंडी, माती, रोप, खत मिळून पाच-सातशे रुपये सहज जातात. पाच रुपयाला एक धरलं तरी तेवढ्यात बाजारातून शंभराहून जास्त लिंबं येतील. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं, तेव्हासुद्धा पहिल्या तीन वर्षांत हा व्यवहार नफ्याचा झाला नसता. हा हिशेब मी मुलांकडून मुद्दाम मांडून घेते. फळ नव्हतं तेव्हाही झाडाला पाणी लागत होतं, आणि दहा-पंधरा रुपयांच्या लिंबामागे कोणाचे तरी असे कित्येक महिने असतात, हे आकड्यांतून दिसतं. एका मुलीने तोट्याच्या बेरजेखाली लिहिलं होतं, "तरी आमच्याकडे ठेवायचं ठरलं आहे." मी त्याला पूर्ण गुण दिले.

गुणांबद्दल सहशिक्षकांशी माझा वाद होतो. किती फळं आली, झाड किती उंच झालं यावर गुण द्यायचे नाहीत. तसे दिले की पालक रोपवाटिकेतून फळांनी लगडलेलं झाड आणून कुंडीत बसवतात. दरवर्षी एखाद-दुसरं घर हे करतंच. गुण वहीला द्यावेत. आणि झाड मेलं तर? तेही लिहू द्या. माती काढून मुळं बघा, पांढरी आहेत की काळी आणि मऊ, वास येतो का. ज्याचं झाड मेलं आणि का मेलं हे ज्याने शोधलं, त्या मुलाला कमी गुण का द्यायचे, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

राहता राहिला मे महिना. शाळा बंद, मुलं मामाच्या गावाला आणि कुंडी पश्चिमेच्या भिंतीला तापत उभी. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती दुपारी हाताला चटका देते. निघायच्या आठ दिवस आधीपासून तयारी करायची. कुंडी दुपारच्या सावलीत सरकवायची, मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा, लहान कुंडी मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत पाला भरायचा. आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन मुलाने स्वतः सांगायचं. आईने फोनवर सांगून चालणार नाही. काकूंना "रोज पाणी घाला" असं नाही, "रोज बोट घालून बघा" असं सांगायचं, एकदा त्यांच्यासमोर करून दाखवायचं आणि वही त्यांच्याकडे ठेवायची. आमच्या वर्गातल्या एका वहीत मे महिन्याची तीन पानं अशाच काकूंच्या अक्षरात आहेत, तारखेसकट. "आज माती ओली होती. पाणी घातले नाही."

निघताना ताटली काढून ठेवली आहे ना, तेवढं मात्र बघा. वळवाचा पहिला पाऊस काकूंना विचारून येत नाही.